थकलेल्या बिलाचं व्याज कोण भरतं? नाशिकच्या १२२ नगरसेवकांना खुले पत्र

प्रति,
सर्व सन्माननीय सदस्य,
नाशिक महानगरपालिका, राजीव गांधी भवन, शरणपूर रोड, नाशिक

विषय : स्वतंत्रपणे काम करणाऱ्या छोट्या कंत्राटदारांची थकणारी बिलं आणि त्यापायी घरांवर चढणारं कर्ज

सप्रेम नमस्कार.

मी सर्व्हेअर आहे. रस्ता, गटार, जलवाहिनी, पूल, काहीही व्हायचं असलं की सगळ्यांच्या आधी ट्रायपॉड खांद्यावर टाकून जागेवर जातो तो मी. नोकरी नाही, कंपनी नाही. एक टोटल स्टेशन (अंतर आणि कोन मोजायचं यंत्र), एक ऑटो लेव्हल (जमिनीचा चढउतार मोजायचं यंत्र), एक जुना लॅपटॉप आणि प्रिझम, म्हणजे यंत्राचा किरण परत फिरवणारी काच, धरायला पेठ तालुक्यातला एक पोरगा, एवढाच माझा पसारा. गेली सोळा वर्षं हेच करतो. तुमच्यापैकी कित्येकांच्या प्रभागांतले रस्ते मी पहाटे साडेपाचला उभा राहून मोजले आहेत, कारण ऊन चढलं की डांबरावरची हवा थरथरायला लागते आणि रीडिंग दगा देतं.

माझ्यासारखे या शहरात खूप आहेत. ऑटोकॅडवर ड्रॉइंग काढणारे, ड्रोन उडवणारे, एस्टिमेट बनवून देणारे, माती परीक्षणाचे नमुने गोळा करणारे, सरकारी योजनांचे व्हिडिओ कापून-जोडून देणारे. कामाच्या फलकावर आमचं नाव नसतं. टेंडर मोठ्या ठेकेदाराच्या किंवा सल्लागार संस्थेच्या नावावर असतं, तिथून काम आमच्याकडे येतं आणि पैसेही तिथूनच यायचे असतात. ‘आम्हाला मिळाले की तुम्हाला देतो’ हे वाक्य आमच्या धंद्यात करारनाम्यासारखं चालतं. लेखी करारनामा बहुतेक वेळा नसतोच.

१५ जानेवारी २०२६ ला तुमच्यासाठी मतदान झालं, तेव्हाच हे पत्र लिहायचं मनात होतं. पण तुम्ही नवे होता, म्हणून थांबलो. आता कुंभमेळ्याच्या कामांचा जोर वाढतोय आणि आमच्याकडे दिवसाआड कुणाचा तरी फोन येतोय, ‘उद्या जागेवर येता का?’ म्हणून आता लिहितो.

मार्च २०२२ मध्ये आधीच्या महापालिकेची मुदत संपली. ओबीसी आरक्षणाचा प्रश्न न्यायालयात, तीन सदस्यांचा प्रभाग की चार सदस्यांचा यावर सरकारं बदलतील तसे निर्णय बदलले, आणि निवडणूक होईपर्यंत जवळजवळ चार वर्षं गेली. तेवढा काळ महासभेचे आणि स्थायी समितीचे अधिकार प्रशासकाकडे होते. कामं त्या काळातही निघत होती, हे मी मान्य करतो. माझं घर त्यावरच चाललं. पण काम करून पैसे मिळाले नाहीत तर जाऊन विचारायचं कुणाला, हे मात्र राहिलं नव्हतं. पूर्वी नगरसेवकाच्या दारात सकाळी आठला जाऊन बसता यायचं. तो काही करो न करो, निदान एक फोन लावायचा. आमच्यासारख्याला तो एक फोनसुद्धा फार असतो.

आता माझ्याच एका बिलाची गोष्ट सांगतो. काम कोणत्या कार्यालयाचं होतं आणि मधली संस्था कोणती, ते लिहीत नाही. तो हिशेब एकदाचा मिटला आहे, आणि मला कुणाला उघडं पाडायचं नाही. घडलं कसं, तेवढं तुमच्यासमोर ठेवायचं आहे.

अडीच महिन्यांचं काम होतं. रस्त्याचा एल-सेक्शन म्हणजे लांबीचा छेद, दर तीस मीटरला क्रॉस-सेक्शन म्हणजे आडवा छेद, दोन्ही बाजूंची झाडं, खांब, चेंबर, सगळं. १ मार्च २०२४ ला ड्रॉइंग दिली आणि त्याच दिवशी बिल दिलं. ३ लाख ६० हजार, वर अठरा टक्के जीएसटीचे ६४,८००. माझी उलाढाल वीस लाखांच्या आत, म्हणजे जीएसटी नंबर घ्यायची मला सक्ती नव्हती. पण नंबर नसेल तर काम देत नाही असं संस्थेने सांगितलं होतं म्हणून घेतला. आता जीएसटीचा नियम असा की बिल फाडलं की कर लागू. पैसे हातात आलेत का, हे कुणी विचारत नाही. एप्रिलमध्ये ते ६४,८०० मी माझ्या खिशातून भरले. न मिळालेल्या पैशांवरचा कर.

१६ मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली. ‘आता जूनपर्यंत काही हलणार नाही,’ असं संस्थेच्या अकाउंटंटने सांगितलं. नाशिकचं मतदान २० मे ला झालं, ४ जूनला निकाल लागला. जूनमध्ये विचारलं तर शिक्षक मतदारसंघाची निवडणूक होती, २६ जूनला मतदान. जुलैपासून कानावर यायला लागलं की सगळा निधी लाडक्या बहिणींकडे वळलाय. त्या योजनेचं लेखाशीर्ष, म्हणजे पैशांचं सरकारी खातं, वेगळं आणि माझ्या कामाचं वेगळं, एवढं मला सोळा वर्षांत कळतं. पण वाद घालून पुढचं काम कोण घालवणार? १५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता. २३ नोव्हेंबरला निकाल, ५ डिसेंबरला मुख्यमंत्र्यांचा शपथविधी, मग खातेवाटप. मग ‘पालकमंत्री ठरू दे’. १८ जानेवारी २०२५ ला पालकमंत्र्यांची यादी आली आणि दुसऱ्याच दिवशी नाशिकच्या नावाला स्थगिती मिळाली. माझ्या बिलाचा आणि पालकमंत्र्यांचा संबंध काय, हे मला आजवर कुणी समजावून सांगितलेलं नाही. पैसे आले मार्च २०२५ च्या मध्याला, मार्च एंडच्या गडबडीत. त्यातूनही वीस हजार ‘राउंड फिगर करू’ म्हणून कापले. मी हो म्हणालो, कारण तोवर माझ्यात नाही म्हणायची ताकद उरली नव्हती.

या वर्षभरात माझ्या घरात काय चाललं होतं, ते आता सांगतो. पत्र त्यासाठीच आहे.

टोटल स्टेशन मी मुद्रा योजनेतून, किशोर गटातलं चार लाखांचं कर्ज काढून घेतलेलं. हप्ता ८,९००, दर महिन्याच्या पाच तारखेला. प्रिझम धरणाऱ्या पोराला दर शनिवारी त्याचे पैसे मिळतात. त्यात मी एकदाही खाडा केलेला नाही. तो शनिवारी संध्याकाळी मेळा स्टँडवरून पेठची एसटी धरतो आणि घरी त्याची आई वाट बघत असते. त्याला मी ‘मला मिळाले की तुला’ असं म्हणू शकत नाही. म्हणजे मंत्रालयापासून निघालेली ही उधारीची रांग माझ्यापाशी येऊन थांबते, कारण माझ्या खाली जो आहे त्याला उधारीवर जेवता येत नाही.

मे-जूनमध्ये मुलांच्या शाळेची फी क्रेडिट कार्डावर भरली. मग किराणा, मग गाडीचं पेट्रोल. जुलैपर्यंत कार्डावर १ लाख १० हजार झाले. व्याज महिना साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला ४२. महिन्याला व्याजाचे ३,८५०, त्यावर पुन्हा जीएसटीचे ६९३. किमान रक्कम म्हणून मी साडेपाच हजार भरत होतो आणि त्यातले मुद्दलात हजारही जात नव्हते. हा हिशेब मला येत नव्हता असं नाही. मी दिवसभर मिलिमीटर मोजणारा माणूस आहे. पण महिन्याच्या शेवटी हातात साडेपाचच हजार असले की हिशेब येऊनही उपयोग नसतो.

ऑगस्टमध्ये पत्नीच्या पाटल्या गहाण ठेवल्या. दीड लाख मिळाले. तिने स्वतः काढून दिल्या, तेव्हा एक शब्द बोलली नाही, आणि ते मला जास्त लागलं. २०२५ मध्ये सोनं तोळ्याला लाखाच्या पुढे गेलं तेव्हा लोक खूश होते. आमच्यासारख्या घरांत काय झालं सांगू? त्याच पाटल्यांवर आणखी पैसे मिळायला लागले. दुसरं एक बिल अडकलं, गेलो, टॉप-अप घेतला. भाव चढला की कर्ज चढतं आणि वरवर पाहता काहीच बिघडलेलं दिसत नाही. दागिना तोच, पावती नवी. माझ्या ओळखीच्या निदान सहा घरांत हे झालंय. पाटल्या अजून घरी आलेल्या नाहीत.

दोनदा मशीनचा हप्ता बाउन्स झाला. बँकेने दंड लावला, तो भरला. पण ‘सिबिल’वर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीवर, डाग पडला. रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे १ जानेवारी २०२५ पासून बँकांना कर्जदाराची माहिती निदान दर पंधरा दिवसांनी कळवावी लागते, त्यामुळे डाग पडायला आता वेळही लागत नाही. त्याचा परिणाम बघा. आता कामांना डीजीपीएस रोव्हर, म्हणजे उपग्रहाच्या आधारे जागा मोजणारं यंत्र, मागतात, नुसत्या टोटल स्टेशनवर भागत नाही. रोव्हरसाठी कर्ज मागायला गेलो तर बँकेने परत पाठवलं. ज्या सार्वजनिक कामाचे पैसे वर्षभर दिले गेले नाहीत, त्यामुळेच पुढचं सार्वजनिक काम घ्यायला मी अपात्र ठरलो. सदस्य हो, माझी सगळ्यात मोठी तक्रार हीच आहे. व्याजाचे पैसे मी कधीतरी भरून काढीन. हे कसं भरून काढू?

जामीनकीचंही सांगायला हवं, कारण ही गोष्ट तुम्हाला कुठल्याही आकडेवारीत दिसणार नाही. बँक आम्हाला दारात उभं करत नाही, म्हणून आम्ही पतसंस्थेत जातो, आणि तिथे दोन जामीनदार लागतात. आम्हाला जामीन कोण राहणार? आमच्यासारखाच दुसरा. मी ड्रोनवाल्या मित्राला जामीन, तो ड्राफ्ट्समनला, ड्राफ्ट्समन मला. एकाच कामावर तिघं, आणि एकाच टेबलावर तिघांची बिलं अडकलेली. मित्राचे हप्ते थकले तसा सहकार कायद्याच्या कलम १०१ खालचा वसुलीचा कागद माझ्या घरी आला. मी साइटवर होतो. कागद आईने घेतला. तिला वाचता येतं, पण कायद्याची भाषा कळत नाही. तिला वाटलं घरावर जप्ती आली. संध्याकाळी मी घरी पोचलो तेव्हा तिने देव्हाऱ्यापुढे तो कागद ठेवला होता आणि जेवली नव्हती. मित्रावर मी रागावलो नाही. त्याचेही पैसे कुणाकडे तरी अडकलेले होते.

आणि ज्यांना पतसंस्थाही नाही, ते महिना दहा टक्क्यांनी घेतात. महाराष्ट्रात २०१४ चा सावकारी कायदा आहे, परवानाधारक सावकाराला बिगरशेती विनातारण कर्जावर वर्षाला अठरा टक्क्यांच्या वर जाता येत नाही. महिना दहा म्हणजे वर्षाला एकशे वीस. घेणाऱ्याला हे माहीत असतं. पण सोमवारी हप्ता असतो आणि शनिवारी रात्री पैसे देणारा तोच एक असतो.

‘कायदा आहे ना, मग जा की कायद्याकडे,’ असं मला तुमच्यापैकीच एका सुशिक्षित गृहस्थांनी निवडणुकीच्या काळात म्हटलं होतं. त्यांचं बरोबर आहे. कायदा आहे आणि चांगला आहे. २००६ च्या सूक्ष्म-लघु उद्योगांच्या कायद्यात लिहिलंय की उद्यम नोंदणी असलेल्या छोट्या पुरवठादाराचे पैसे करारात काहीही मुदत लिहिली तरी ४५ दिवसांच्या आत द्यायचे. लेखी करारच नसेल तर १५ दिवसांत. सेवा देणाराही त्यात बसतो. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेने ठरवलेल्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दर महिन्याला चक्रवाढ. २०२४ मध्ये बँक दर पावणेसात टक्के होता, म्हणजे सव्वावीस टक्के व्याज. माझ्या ३ लाख ६० हजारांवर अकरा महिन्यांचे सुमारे ७२ हजार होतात. मला मिळाले उलट वीस हजार कमी. आयकर कायद्यातही १ एप्रिल २०२४ पासून अशी तरतूद आली की छोट्या उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर देणाऱ्याला तो खर्च त्या वर्षी वजा करता येत नाही. सरकारी पोर्टलवर तक्रार करता येते, या कायद्याखाली नेमलेल्या परिषदेपुढे सुनावणी होते, निकालाविरुद्ध वर जायचं तर देणाऱ्याला ७५ टक्के रक्कम आधी भरावी लागते.

तरीही मी तक्रार केली नाही. नाशिकमध्ये सर्व्हेचं काम देणाऱ्या संस्था हाताच्या बोटांवर मोजता येतील आणि त्यांचे साहेब एकमेकांना ओळखतात. एकाविरुद्ध पोर्टलवर गेलो की बाकीच्यांचे फोन बंद होतील. हा भित्रेपणा वाटेल. दोन मुलं शाळेत असलेल्या माणसाला विचारा. म्हणूनच मी म्हणतो की हे खालून होणार नाही. जो पैसे वरून सोडतो, त्यानेच अट घालायला हवी.

आणि आचारसंहितेचं. केंद्रीय निवडणूक आयोगाच्या सूचना नीट वाचल्या तर नव्या कामांना, नव्या घोषणांना बंदी आहे. जागेवर सुरू झालेलं काम चालू ठेवता येतं, आणि पूर्ण झालेल्या कामाचे पैसे द्यायला आडकाठी नाही, संबंधित अधिकाऱ्यांची कामाबद्दल खात्री झालेली असली म्हणजे झालं. हे मी खूप उशिरा वाचलं. २०२४ च्या मार्चमध्ये वाचलं असतं तर निदान त्या अकाउंटंटसमोर कागद ठेवला असता. आमच्यातल्या शंभरातल्या नव्वदांना आजही असंच वाटतं की आचारसंहिता म्हणजे तिजोरीला कुलूप. हा समज कुणीतरी जाणूनबुजून टिकवून ठेवलेला आहे, असं माझं ठाम मत झालंय. ज्याला पैसे महिनाभर स्वतःच्या खात्यात ठेवायचे असतात, त्याच्यासाठी आचारसंहिता फार सोयीची आहे.

तुमच्या स्वतःच्या निवडणुकीबद्दलही लिहितो. राग मानू नका. इंदिरानगरची एक मुलगी रील्स बनवते. वय तेवीस, वडील रिक्षा चालवतात. जानेवारीत तिने एका उमेदवाराचं पंधरा दिवस काम केलं, रात्री दोन-दोनपर्यंत एडिटिंग, त्यासाठी नवा लॅपटॉप हप्त्यावर घेतला. अर्धे पैसे ‘निकालानंतर’. निकाल लागला. ती कुणाकडे जाणार? निवडून आलेल्याच्या घरासमोर हार-तुऱ्यांची गर्दी, पडलेल्याचा फोन बंद. तो उमेदवार कोण, जिंकला की हरला, हे मी लिहीत नाही. पण तुम्हा प्रत्येकाला निकालापासून तीस दिवसांत खर्चाचा हिशेब आयोगाला द्यायचा होता. त्या हिशेबात ज्यांची नावं ‘अदा’ म्हणून लिहिली, त्या प्रत्येकाच्या हातात पैसे पडले आहेत ना, एवढं एकदा तपासून बघा. फ्लेक्सवाला, ढोलवाला, जेवणाचे डबे देणारी बाई, ही रील्सवाली. सभागृहात कोणताही ठराव मांडण्याआधी हे करता येईल, आणि याला कुणाची मंजुरी लागत नाही.

आता कुंभ. ३१ ऑक्टोबर २०२६ ला ध्वजारोहण, २ ऑगस्ट २०२७ ला पहिलं अमृतस्नान. त्याआधी रस्ते, पूल, घाट, मलनिस्सारण, वाहनतळ. एवढं काम या शहरात २०१५ नंतर पहिल्यांदाच येतंय. मला त्याचा आनंद आहे. बारा वर्षांनी आमच्या हाताला भरपूर काम आहे. तपोवनातली झाडं तोडण्याच्या विरोधात लोक उभे राहिले तेव्हा मीही गेलो होतो. सर्व्हेअर असूनही गेलो असं काही जण म्हणाले, पण मी आयुष्यभर झाडं नकाशावर टिंबाने दाखवत आलो आणि त्यातल्या प्रत्येक टिंबाजवळ उभा राहिलो आहे. असो.

माझी भीती अशी आहे. घाईच्या कामात सगळं तोंडी होतं. ‘कागद नंतर करू, आधी जागा मोजून द्या.’ एकच काम तीन यंत्रणांमध्ये विभागलेलं, कुंभमेळा प्राधिकरण, महापालिका, राज्याची खाती. सप्टेंबर २०२७ मध्ये शेवटचं स्नान होईल, तंबू निघतील, अधिकाऱ्यांच्या बदल्या होतील. तेव्हा ज्याच्याकडे कागद नाही त्याने कुणाकडे जायचं? मोठा ठेकेदार दोन वर्षं थांबू शकतो, त्याला बँकेची हमी आहे. आम्ही तोवर ४२ टक्क्यांनी थांबलेले असू.

म्हणून मागणं असं आहे. महासभेत एक ठराव करा की कुठलंही काम देताना निविदेच्या अटींत एक अट असेल: ठेकेदाराने किंवा सल्लागाराने सर्व्हे, ड्रॉइंग, ड्रोन, व्हिडिओ असं काम ज्यांच्याकडून करून घेतलं त्यांची नावं लेखी कळवायची, आणि स्वतःचं पुढचं बिल सादर करताना त्यांना पैसे दिल्याची बँकेची नोंद जोडायची. यात नवीन काही नाही. कामगारांच्या भविष्य निर्वाह निधीचं चलन बिलाला जोडावं लागतंच. ठेकेदाराने मजुरी बुडवली तर मूळ मालकाने ती द्यायची, हे तत्त्व या देशाने मजुरांसाठी पन्नास वर्षांपूर्वी मान्य केलं. खांद्यावर ट्रायपॉड असलेला माणूस त्या मजुराच्या शेजारीच उभा असतो.

स्थायी समितीच्या सोळा सदस्यांना वेगळी विनंती आहे. कोणतं बिल कधी आलं, कुठल्या टेबलावर आहे, कधी निघालं, याची यादी महापालिकेच्या संकेतस्थळावर दर आठवड्याला लावायला सांगा, आणि आधी आलेलं बिल आधी निघेल असं बघा. मला माझ्या संस्थेचा अकाउंटंट खरं बोलतोय का, एवढं जरी घरबसल्या कळलं असतं तरी मी नऊ महिने फेऱ्या मारल्या नसत्या. ‘वरूनच आले नाहीत’ हे वाक्य खरं की खोटं, हे ज्या दिवशी सगळ्यांना दिसेल त्या दिवशी निम्मी बिलं निघतील. आणि पुढची आचारसंहिता लागेल, ती लागणारच, त्याआधी पूर्ण झालेल्या कामांची देणी थांबणार नाहीत असं परिपत्रक आयुक्तांकडून काढून घ्या. कुंभाच्या कामांत तोंडी आदेश बंद करा. अर्ध्या पानाचा कार्यारंभ आदेश, तारीख, रक्कम, सही. व्हॉट्सॲपवर पाठवला तरी चालेल.

कर्जमाफी मागत नाही. व्याजाची भरपाईही मागत नाही. माझं कार्ड मी फेडतो आहे, अजून ३८ हजार आहेत.

माझ्याबरोबरच्या लोकांनाही या पत्रात एक सांगायचं आहे, कारण तेही हे वाचतील. उद्यम नोंदणी करून घ्या, तिला पैसे लागत नाहीत. बिलावर तो नंबर लिहा. काम घेताना निदान एक मेसेज लेखी मिळवा, रक्कम त्यात येऊ द्या. ड्रॉइंग दिल्यापासून पंधरा दिवसांत समोरच्याने लेखी हरकत घेतली नाही तर काम स्वीकारलं असं कायदा मानतो, म्हणून दिल्याची तारीख जपून ठेवा. आणि एकमेकांना जामीन राहण्याआधी दोघांचे पैसे एकाच टेबलावर तर अडकलेले नाहीत ना, हे विचारा. मी विचारलं नव्हतं.

या पत्राची एक प्रत मी राजीव गांधी भवनात आवक-जावक विभागात देऊन शिक्का घेणार आहे. आम्ही एकवीस जण आहोत, प्रत्येकाकडे आपापल्या बिलांचे आणि कर्जाचे कागद आहेत. कुणाचंही नाव जाहीर करू नका एवढीच अट. पुढच्या महासभेआधी तुमच्यापैकी चार-पाच जणांनी तासभर वेळ द्यावा. संध्याकाळी सहानंतर कुठेही बोलवा, प्रभाग कार्यालयात चालेल, तुमच्या घरी चालेल. सकाळची वेळ नको, सकाळी आम्ही साइटवर असतो.

आपला,
एक सर्व्हेअर
पंचवटी, नाशिक